गाजरगवत : दोष गव्हाचा की आपल्या उशिराचा?

रायपूरच्या सदर बाजारातून निघून कोणत्याही दिशेने मोकळ्या जागेपर्यंत जावे; पावसाळ्यात पांढऱ्या फुलांचे गाजरगवत दिसल्यावाचून राहत नाही. ‘अमेरिकी गव्हाबरोबर आले’ हे त्यावरचे ठरलेले भाष्य. त्याने राग शमतो, ज्ञान मात्र वाढत नाही.

पुण्यात हे तण 1955 च्या सुमारास आढळले. अमेरिकेशी पीएल-480 करार झाला तो ऑगस्ट 1956 मध्ये. शिवाय देहरादूनच्या वन संशोधन संस्थेच्या संग्रहात 1880 सालचा नमुना आहे. आयात धान्याने प्रसाराला हातभार लावला असेलही. परंतु वनस्पती त्याआधीच देशात होती. मग ती इतकी वर्षे दबून का राहिली? खरा प्रश्न हा आहे.

परकी वनस्पती आल्याबरोबर आक्रमक होत नाही. आगमन आणि प्रसार यांत दीर्घ विलंबकाल असतो. जर्मनीतील ब्रांडेनबुर्ग परिसरातील परकी वृक्ष-झुडपांबाबत कोवारिक यांना 1995 मध्ये हे अंतर सरासरी 147 वर्षे आढळले. या काळात बीजसाठा वाढतो, निवड होते. आणि रस्ते, रेल्वे, बांधकामे यांनी उकरलेली माती मिळताच उद्रेक होतो. टणटणीही एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात शोभेसाठीच आली होती. आज ती जंगलातील चारा गिळते आहे.

गणित सोपे आहे. तलावातील जलपर्णी दरवर्षी दुप्पट होते असे धरा. तलाव पूर्ण झाकला गेला, त्याच्या दहा वर्षे आधी तिने हजारांश भागही व्यापलेला नव्हता. आपण जागे होतो ते शेवटच्या वर्षी. उच्चाटन शक्य होते ते पहिल्या वर्षी.

आणि आपला उपाय? 16 ते 22 ऑगस्ट हा गाजरगवत जागृती सप्ताह. जूनच्या सरींनी उगवलेले रोप साधारण महिन्याभरात फुलते. एक रोप पंधरा ते पंचवीस हजार बिया देऊ शकते. फुलावर आलेले गवत उपटून रस्त्याकडेला टाकणे ही स्वच्छता नव्हे, पेरणी आहे. उघड्या हातांनी ते उपटणाऱ्यांच्या वाट्याला त्वचादाह येतो, तो वेगळाच.

विद्यार्थिमित्रहो, सप्ताह जुलैच्या आरंभी मागा. रोपवाटिकांत विक्रीस येणाऱ्या प्रत्येक परकी रोपाची आधी तपासणी मागा. आपल्या भागातील अनोळखी रोपाचा नमुना तारीख-ठिकाणासह महाविद्यालयाच्या संग्रहात जमा करा. 1880 चा एक वाळलेला नमुना जपला गेला, म्हणूनच आज एका रूढ समजाला प्रश्न विचारता येतो. आज जे एकाकी, निरुपद्रवी भासते, त्याचा हिशेब आजच मांडला पाहिजे.