मंडळी वाढली, पण पंगतीत कोण राहिलं?

चर्च वाढतंय ही आनंदाचीच गोष्ट. पिंपरी-चिंचवडसारख्या शहरात अहिल्यानगर, जालन्याकडून कामधंद्यासाठी आलेली कुटुंबं रविवारी मराठी उपासना शोधत येतात. बाक कमी पडतात. मग एकाच्या दोन उपासना होतात, पेटी-तबल्याशेजारी गिटार येते, भिंतीवर प्रोजेक्टर दिसू लागतो. वाद रंगतात ते यावरच. जुनी गीतं की नवी? सकाळी आठला की दहाला?

खरा बदल मात्र वेगळाच असतो. पन्नास घरांच्या मंडळीत कोण आजारी, कोणाची नोकरी गेली, हे महिला मंडळातल्या बायकांना न सांगता कळतं. दोनशे घरं झाली की कळेनासं होतं. एकटी राहणारी एखादी मावशी तीन रविवार दिसली नाही, तर पहिल्या उपासनेतल्यांना वाटतं, ती दुसऱ्या उपासनेला जात असेल!

हे दुखणं जुनंच आहे. बायबलमधल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाचा सहावा अध्याय काढून बघा. यरुशलेमची मंडळी वाढली आणि तक्रार आली ती विधवांच्या जेवणाची. ग्रीक बोलणाऱ्या विधवा रोजच्या वाटपात सुटून जात होत्या. प्रेषितांनी कुणाला गप्प बसवलं नाही. सगळ्यांना बोलावलं, सात जण निवडायला सांगितले आणि ते काम त्यांच्यावर सोपवलं. गंमत म्हणजे स्तेफनापासून निकलावापर्यंत सातही नावं ग्रीक! म्हणजे ज्यांची तक्रार, बहुधा त्यांच्यातलेच लोक निवडले गेले.

त्या सातांत बाई मात्र एकही नव्हती. आज तसं व्हायचं काहीच कारण नाही. तरी बऱ्याच ठिकाणी घरभेटी, स्वयंपाक, संडे स्कूल बायकांकडे आणि इमारतीचा नकाशा, जमाखर्च, उपासनेची वेळ पुरुषांच्या कमिटीकडे. आठची वेळ ठरवताना घरचा नाश्ता कोण करतं, हे कुणी विचारतं का?

उपाय फार अवघड नाही. वीस-पंचवीस घरांचा एक गट करा. प्रत्येक गटामागे दोघी नेमा. त्यांना घरभेटींसाठी थोडी रक्कम द्या आणि कमिटीत मतही द्या. नुसतं काम नको, अधिकारही हवा.

मग मैत्रिणींनो, पुढच्या वार्षिक सभेत हा विषय कोण मांडणार?