घराण्यात ‘पोटाचं दुखणं’ असेल तर करणी शोधू नका, नोंद ठेवा



२५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी देहूरोडच्या बुद्धविहारात बुद्धमूर्तीची स्थापना केली. दरवर्षी त्या दिवशी आपली माणसं तिथे जमतात. अशाच एका गर्दीत आम्ही आरोग्याचं टेबल मांडून बसलो होतो. एक ताई रक्तदाब तपासायला आल्या आणि बोलता बोलता म्हणाल्या, “आमच्या घरात कुणी पन्नाशी गाठत नाही. सासरे पोटाने गेले, थोरले दीर तसेच गेले, नणंद गर्भाशयाच्या कॅन्सरने गेली. आता ह्यांना संडासातून रक्त जातंय, मूळव्याध आहे म्हणतात.” कुणी त्यांना करणी सांगितली होती, कुणी मागच्या जन्माचं पाप. एकीने तर त्यांनाच पांढऱ्या पायाची ठरवलं होतं.

आम्हाला धस्स झालं. कारण हे वर्णन वैद्यकशास्त्राला फार जुनं माहीत आहे. १८९५ साली अमेरिकेत शिवणकाम करणाऱ्या एका बाईने डॉ. वॉर्थिन यांना हेच सांगितलं होतं: घरचे सगळे कॅन्सरने जातात, मीही तशीच जाणार. डॉक्टरांनी ते उडवून लावलं नाही. तिच्या घराण्याची नोंद करून १९१३ मध्ये छापली. ती बाई गर्भाशयाच्या कॅन्सरनेच गेली. पुढे डॉ. हेन्री लिंच यांनी या आजारावर काम केलं, म्हणून त्याला लिंच सिंड्रोम म्हणतात. सुरुवात मात्र एका कष्टकरी बाईच्या बोलण्यातून झाली.

कारण साधं आहे. पेशी वाढताना होणाऱ्या चुका दुरुस्त करणारी जनुकं शरीरात असतात. त्यातलं एक बिघडलेलं असलं की चुका साचतात आणि आतड्याचा किंवा गर्भाशयाचा कॅन्सर लवकर होतो. आई-वडिलांपैकी एकात हा बिघाड असेल, तर प्रत्येक मुलामुलीत तो येण्याची शक्यता निम्मी. यात सुनेच्या पायगुणाचा संबंध कुठे आला?

मोठ्या आतड्याच्या शंभर कॅन्सरपैकी साधारण पाचच असे थेट घराण्यातून येतात. म्हणून जाहिरात पाहून कुणीही जनुक तपासणीचं पॅकेज घेऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. आधी आजारी माणसाच्या काढलेल्या गाठीची तपासणी व्हावी. तिथे खूण दिसली तर त्याच्या रक्तातून जनुक तपासावं. बिघाड सापडला, तरच भावंडं आणि मोठी मुलं तपासावीत. ज्यांच्यात तो नाही, त्यांच्या डोक्यावरचं ओझं उतरतं. ज्यांच्यात आहे, त्यांनी साधारण विशी-पंचविशीपासून दर एक-दोन वर्षांनी दुर्बिणीने आतडं तपासून घ्यावं. कॅन्सर होण्याआधीची वाढ, म्हणजे पॉलिप, त्याच वेळी काढून टाकता येते.

“मुलीचं लग्न मोडेल,” असं आयाबाया म्हणतात. ही भीती आम्ही समजू शकतो. पण लपवलेलं दुखणं लग्नानंतर थांबत नाही.

आता सरकारचं. तिशीवरच्यांसाठी सरकारी तपासणी आहे ती तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची. आतडं त्यात नाही. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये अनुवंशिक कॅन्सरसाठी वेगळं क्लिनिक आहे, पण चाकणला ठेकेदाराकडे राबणाऱ्याने किती खाडे करायचे? कॅन्टोन्मेंटच्या आणि महापालिकेच्या दवाखान्यांत केसपेपरवर घराण्यातल्या कॅन्सरचा प्रश्न असावा, दुर्बिणीची तपासणी जवळ आणि मोफत मिळावी, ही आमची मागणी आहे.

तोवर एक काम आपल्या हातात आहे. येत्या रविवारी विहारातून घरी गेल्यावर एक कागद घ्या. आई आणि वडील, दोन्हीकडच्या तीन पिढ्यांत कुणाला कोणता कॅन्सर झाला, कितव्या वर्षी झाला, ते लिहा आणि डॉक्टरांना दाखवा. संडासातून रक्त जात असेल, वजन किंवा हिमोग्लोबिन उतरत असेल, तर तपासल्याशिवाय मूळव्याध म्हणू नका.

त्या ताईंनी असा कागद लिहिला. तो वाचून त्यांचे मिस्टर दुर्बिणीच्या तपासणीला तयार झाले. बुद्धांनी दुःखाचं कारण शोधायला शिकवलं. आपण आजाराचंही शोधू या.