मालकाचा अधिकार कोठवर?

भायखळ्याच्या रेल्वे रुग्णालयात नोकरीसाठी निवडलेल्या उमेदवारांची वैद्यकीय तपासणी होते. इंजिनचालक होऊ पाहणाऱ्याला लाल-हिरवा दिवा ओळखता येतो की नाही, हे पाहण्यात कोणताच अन्याय नाही. शेकडो प्रवाशांचे प्राण त्याच्या डोळ्यांवर अवलंबून असतात. तपासणीचा कामाशी असलेला संबंध तेथे उघड आहे. तो तुटला, म्हणजे तपासणीची झडती होते.

नोकरी देण्यापूर्वी लघवीत मादक द्रव्ये शोधण्याची जी पद्धत काही खाजगी मालक अवलंबू लागले आहेत, तिलाही हीच कसोटी लावली पाहिजे. वैमानिकांसाठी २०२२ पासून अशी चाचणी आवश्यक झाली, ते समजण्यासारखे आहे. परंतु हिशेबनीस किंवा विक्रेता यांच्याबाबत तिचे प्रयोजन काय?

कामावर येणाऱ्या इंजिनचालकाचा श्वास तपासतात, तेव्हा तो या घटकेला शुद्धीवर आहे का, एवढेच विचारले जाते. लघवीची परीक्षा गतकाळाची चौकशी करते. गांजाचे अंश नित्य ओढणाऱ्याच्या शरीरात कित्येक आठवडे राहतात. दारू मात्र थोड्याच काळात उतरून जाते. म्हणजे पंधरा दिवसांपूर्वी गांजा सोडलेला तरुण अनुत्तीर्ण आणि रोज पिणारा, एक दिवस कळ काढून आला तर, उत्तीर्ण! शिवाय खोकल्याच्या कोडीनयुक्त औषधाने, क्वचित खसखशीनेही, प्राथमिक चाचणी अफूचा कौल देऊ शकते. याचा खुलासा ऐकणार कोण? उमेदवार अजून कामगार झालेला नसतो. त्याच्यामागे संघटना उभी नसते. ‘आपली निवड झाली नाही’, एवढेच त्याच्या पदरी पडते.

सार्वजनिक क्षेत्रातील एका महामंडळाने एच.आय.व्ही.बाधित रोजंदारी कामगाराला काम नाकारले, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाने १९९७ साली स्पष्ट केले की, जो काम करण्यास समर्थ आहे त्याला केवळ त्या कारणास्तव दूर लोटता येणार नाही. २०१७ च्या कायद्याने नोकरीसाठी त्या चाचणीची सक्तीच निषिद्ध ठरविली. हेच तत्त्व येथेही लागू का होऊ नये?

कोणी म्हणेल, समाजवाद्यांनी व्यसनाची वकिली करावी काय? मुळीच नाही. दारूने गिरणगावातील किती संसार धुळीला मिळविले, हे आम्ही विसरलेलो नाही. परंतु अनिल व सुनंदा अवचट यांनी १९८६ साली पुण्यात ‘मुक्तांगण’ उभारले, ते व्यसनी माणसाला पुन्हा माणसांत आणण्यासाठी. तेथून बाहेर पडणाऱ्याला सर्वांत आधी हवे असते ते काम. तेच नाकारले, तर त्याने परत कोठे जावे?

म्हणून आमची मागणी साधी आहे. जेथे इतरांच्या जिवाला धोका आहे, तेथेच चाचणी व्हावी. प्रतिकूल निष्कर्षाची दुसऱ्या, अधिक अचूक पद्धतीने फेरतपासणी व्हावी. अहवाल उमेदवाराच्या हाती द्यावा आणि त्याला खुलाशाची संधी मिळावी. मालक श्रम विकत घेतो. श्रमिकाचे शरीर आणि त्याचा भूतकाळ त्या सौद्यात येत नाहीत.