महाधिवक्ता सरकारचा की राज्याचा?
डहाणू आणि तलासरी तालुक्यांतील ग्रामसभांसाठी जाहीर पत्रक

भारतीय संविधानाच्या अनुच्छेद १६५ नुसार प्रत्येक राज्याला एक महाधिवक्ता, म्हणजे कोर्टकचेऱ्यांच्या बोलीत ज्याला ॲडव्होकेट जनरल म्हणतात तो अधिकारी, असतो. उच्च न्यायालयाचा न्यायाधीश होण्यास पात्र असलेल्या व्यक्तीची या पदावर राज्यपाल नेमणूक करतात, राज्यपालांची मर्जी असेपर्यंत ती व्यक्ती पदावर राहते, आणि अनुच्छेद १७७ प्रमाणे तिला विधिमंडळात बोलता येते, मात्र मत देता येत नाही. या अधिकाऱ्याची कर्तव्ये तीन वाक्यांशांत सांगितलेली आहेत: राज्य शासनाला कायदेविषयक सल्ला देणे, राज्यपाल सोपवतील ती कायदेविषयक कामे करणे, आणि संविधानाने किंवा अंमलात असलेल्या अन्य कोणत्याही कायद्याने दिलेली कार्ये पार पाडणे. महाराष्ट्राने आजवर सारा भर पहिल्या वाक्यांशावर दिला. दुसऱ्या वाक्यांशात राज्यपालांना आणि तिसऱ्यात कायदेमंडळाला जी वाट मोकळी करून दिलेली आहे, ती वाट डहाणू आणि तलासरीसारख्या अनुसूचित क्षेत्रातील जनतेसाठी चालून पाहण्याची वेळ केव्हाच येऊन ठेपली आहे, हे या पत्रकाचे म्हणणे आहे.

महाराष्ट्रात शासनाच्या विधि अधिकाऱ्यांच्या नेमणुका, सेवाशर्ती आणि मोबदला यांची व्यवस्था १९८४ च्या नियमांनी लावलेली आहे. नियम आणि कायदा यांतला फरक येथे महत्त्वाचा आहे, कारण कायदा विधिमंडळात चर्चा होऊन मंजूर होतो आणि तो बदलायचा तर पुन्हा विधिमंडळातच जावे लागते. कार्यकारी नियम मात्र मंत्रालयात लिहिले जातात आणि तेथेच बदलले जातात. सरकारी वकिलांच्या नेमणुका मर्जीने नव्हे, पारदर्शक पद्धतीने व्हाव्यात असे सर्वोच्च न्यायालयाने पंजाब राज्याच्या प्रकरणात मार्च २०१६ मध्ये सांगितल्यावर हरियाणाने २०१६ साली आणि पंजाबने २०१७ साली विधि अधिकाऱ्यांविषयी स्वतंत्र कायदे केले. ते कायदे महाधिवक्त्याच्या हाताखालच्या वकिलांच्या निवडीपुरते आहेत, जनतेप्रती कर्तव्य कोणते हा प्रश्न त्यांनीही हाताळलेला नाही. तरीही राज्याचे विधिमंडळ या विषयावर कायदा करू शकते, एवढे त्यांवरून निर्विवाद ठरते.

जनतेप्रती कर्तव्याचे बीज जुन्याच कायद्यात पडलेले आहे. दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ हिच्या कलम ९१ प्रमाणे सार्वजनिक उपद्रव, म्हणजे एका घराला नव्हे तर साऱ्या वस्तीला बाधणारे कृत्य, अथवा जनतेला बाधक असे अन्य कोणतेही अवैध कृत्य घडत असेल, तर ते थांबवण्यासाठी महाधिवक्ता स्वतः दावा लावू शकतो. इतर नागरिकांना, ते किमान दोघे असतील तर, न्यायालयाची परवानगी घेऊन तसा दावा लावता येतो. कलम ९३ त्यापुढे जाऊन असे सांगते की इलाखा शहरांच्या, म्हणजे आपल्याकडे मुंबईच्या, बाहेर हाच अधिकार राज्य शासनाच्या पूर्वमंजुरीने जिल्हाधिकाऱ्यालाही वापरता येतो. याचा साधा अर्थ असा की खाडीत रसायन सोडले गेले किंवा गावाची पाणंद बुजवली गेली, तर त्याविरुद्ध न्यायालयाचे दार ठोठावण्याचा अधिकार पालघरच्या कलेक्टर कचेरीपर्यंत आणून ठेवलेला आहे. परंतु कलमाची भाषा ‘दावा लावता येईल’ अशी आहे, ‘दावा लावावा’ अशी नाही. अर्ज आला तर किती दिवसांत उत्तर द्यायचे, नकार दिला तर त्याची कारणे लिहायची की नाही, याबद्दल संहिता मौन पाळते. आणि जिल्हाधिकाऱ्याला ज्या शासनाची मंजुरी लागते, तेच शासन अनेकदा त्या कृत्यात भागीदार असते.

डहाणूच्या गेल्या साडेतीन दशकांच्या इतिहासात या उणिवेची किंमत ठळकपणे दिसते. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने २० जून १९९१ रोजी अधिसूचना काढून डहाणू तालुका पर्यावरणीयदृष्ट्या नाजूक क्षेत्र म्हणून घोषित केला आणि तालुक्याभोवती २५ किलोमीटरचा राखीव पट्टा ठरवून दिला. ही अधिसूचना पाळली जावी म्हणून सर्वोच्च न्यायालयात गेले ते मुंबईतील पर्यावरणविषयक नियतकालिकाचे संपादक बिट्टू सहगल. राज्याच्या जनतेच्या वतीने राज्याचा सर्वोच्च कायदा अधिकारी वादी म्हणून उभा राहिला नाही, राज्य त्या प्रकरणात प्रतिवादी होते. न्यायालयाने ३१ ऑक्टोबर १९९६ रोजी दिलेल्या निर्णयानंतर डिसेंबर १९९६ मध्ये डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले आणि न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी त्याचे अध्यक्ष झाले. या प्राधिकरणाने १९९८ साली वाढवण येथील बंदराला नकार दिला, आणि डहाणूच्या ५०० मेगावॅट क्षमतेच्या औष्णिक वीज केंद्राने धुरातील गंधक काढून टाकणारी यंत्रणा बसवावी असा आदेश १९९९ साली दिला. ती यंत्रणा प्रत्यक्ष सुरू व्हायला २००७ साल उजाडले. आदेश आणि अंमलबजावणी यांच्यातील त्या आठ वर्षांत घोलवड-बोर्डीपासून डहाणूपर्यंतच्या चिकूच्या वाड्यांना फळे येतच होती, आणि ज्यांच्या वाडीवर तो धूर जात होता त्यांनीच वर्गणी काढायची, त्यांनीच वकील गाठायचा, त्यांनीच कामधंदा सोडून तारखांना जायचे, असा परिपाठ चालू राहिला.

वाढवण बंदराच्या बाबतीत तर विसंगती अधिकच उघडी आहे. त्याच प्राधिकरणाने ३१ जुलै २०२३ रोजी या बंदराला अटी घालून परवानगी दिली, त्या परवानगीला आव्हान देणाऱ्या याचिका मुंबई उच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये फेटाळल्या, केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२४ मध्ये ७६,२२० कोटी रुपयांच्या प्रकल्पाला मान्यता दिली आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे त्याचे भूमिपूजन झाले. समुद्रात सुमारे १,४४८ हेक्टर भराव घालून उभ्या राहणाऱ्या या बंदराच्या कंपनीत जवाहरलाल नेहरू बंदर प्राधिकरणाचा वाटा ७४ टक्के आणि महाराष्ट्र सागरी मंडळाचा वाटा २६ टक्के आहे. सागरी मंडळ हे राज्याचे आहे. बंदर हवे की नको याबद्दल डहाणूतही एकमत असेल असे समजण्याचे कारण नाही, आणि या पत्रकाचा तो विषयही नाही. विषय हा आहे की ज्या प्रकल्पात राज्याचा पैशाचा वाटा आहे त्या प्रकल्पाविरुद्ध मच्छीमार आणि बागायतदार न्यायालयात गेले, तर राज्याचा कायदा अधिकारी कोणाच्या बाजूने उभा राहणार हे आधीच ठरून जाते, आणि तरीही त्याच अधिकाऱ्याकडे कलम ९१ खाली जनतेच्या वतीने दावा लावण्याचा अधिकार असल्याचे सांगितले जाते. एकच माणूस एकाच प्रकरणात वादी आणि प्रतिवादी अशा दोघांचाही विश्वास सांभाळू शकत नाही, हे गावचा पंचही जाणतो.

कलम ९१ चा उपयोग पर्यावरणाच्या बाबतीत आता मर्यादित झाला आहे, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण अधिनियम, २०१० याच्या कलम २९ ने या न्यायाधिकरणाच्या, म्हणजे हरित लवादाच्या, कक्षेतील तंट्यांना दिवाणी न्यायालयाचे दार बंद केले. परंतु त्याच अधिनियमाच्या कलम १८ ने लवादाकडे अर्ज करू शकणाऱ्यांत राज्य शासनाचाही समावेश केलेला आहे. तारापूरच्या रासायनिक सांडपाण्याविरुद्ध लवादाकडे दाद मागितली ती अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने, म्हणजे जाळे टाकून पोट भरणाऱ्यांच्या संघटनेने. वादाचे कारण घडल्यापासून सहा महिन्यांत, आणि सबळ कारण दाखवले तर आणखी साठ दिवसांत, अर्ज झाला पाहिजे अशी लवादाची मुदत आहे. आणि पश्चिम विभागाचे खंडपीठ पुण्यात आहे. डहाणू लोकलने दादर गाठायचे, तेथून पुण्याची गाडी धरायची, सोबत पाण्याच्या नमुन्यांचे अहवाल बाळगायचे आणि समोर कंपन्यांच्या वकिलांची फळी पाहायची, हे बोटीवर खलाशी म्हणून जाणाऱ्या माणसाने स्वतःच्या खर्चाने का करावे, या प्रश्नाला ‘जनहित याचिकेची सोय आहे ना’ हे उत्तर होऊ शकत नाही. जनहित याचिका ही नागरिकाची हिंमत आहे. ती राज्याच्या कर्तव्याची जागा घेऊ शकत नाही.

तलासरीत हाच प्रश्न जमिनीच्या रूपाने उभा राहतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६-अ प्रमाणे आदिवासीची जमीन मंजुरीशिवाय बिगरआदिवासीकडे जाऊ शकत नाही, आणि १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात बिगरआदिवासीकडे गेलेली जमीन मूळ धारकाला परत देण्यासाठी १९७४ चा प्रत्यार्पण कायदा आहे. तो वैध असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने १९८४ साली लिंगप्पा पोचन्ना प्रकरणात सांगितले आहे. कागदावर याहून भक्कम संरक्षण क्वचितच सापडेल. प्रत्यक्षात मात्र तहसीलदाराने आदिवासीच्या बाजूने हुकूम दिला की खरेदीदार महसूल न्यायाधिकरणात जातो, तेथून उच्च न्यायालयात जातो, आणि सातबाऱ्यावरच्या फेरफार नोंदीचा आकडासुद्धा ज्याला कोणाकडून तरी वाचून घ्यावा लागतो तो वारली शेतकरी तेथे प्रतिवादी क्रमांक अमुक म्हणून एकटा उरतो. राज्य त्या याचिकेत पक्षकार असते खरे, पण आपल्याच तहसीलदाराचा हुकूम राखण्यासाठी किती नेटाने लढायचे याचे बंधन राज्याच्या वकिलावर कोणत्याही कायद्याने घातलेले नाही. याच तलासरीजवळच्या झरी गावात मे १९४५ मध्ये वारल्यांची परिषद भरली, गोदावरी आणि शामराव परुळेकर यांच्यासोबत वेठबिगारीविरुद्ध लढा उभा राहिला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात तलवाड्यात जमलेल्या आदिवासींवर गोळीबार होऊन जेठ्या गांगड यांच्यासह माणसे प्राणास मुकली. प्राण देऊन मिळवलेला हक्क वकिलाअभावी हातचा जाऊ नये, एवढी अपेक्षा अवाजवी नव्हे.

या मागणीवर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला असा की महाधिवक्ता हा सरकारचा वकील आहे आणि वकील आपल्या अशिलाविरुद्ध जात नाही. पण न्यायालय अवमान अधिनियम, १९७१ याच्या कलम १५ ने फौजदारी अवमानाच्या तक्रारीला संमती द्यायची की नाही हे महाधिवक्त्याच्या स्वतंत्र निर्णयावर सोपवलेले आहे, आणि अधिवक्ता अधिनियम, १९६१ ने त्याला राज्य वकील परिषदेचा पदसिद्ध सदस्य केलेले आहे. म्हणजे हे पद मंत्रिमंडळाच्या खिशातले नाही, हे कायद्याने पूर्वीच मानलेले आहे. सरकारे येतात आणि जातात, राज्य राहते, आणि अनुच्छेद १६५ ने दिलेला अधिकारी राज्याचा आहे. भोपाळच्या वायुकांडानंतर १९८५ साली संसदेने कायदा करून पीडितांच्या वतीने लढण्याचा अधिकार केंद्राकडे घेतला, तेव्हा राज्यसंस्था ही असहाय नागरिकाची पालक असते हे तत्त्वही भारतीय कायद्यात रुजले. त्या कायद्याखालच्या तडजोडीने पीडितांचे समाधान झाले नाही ही गोष्ट तत्त्वाच्या विरोधात जात नाही, कर्तव्य काटेकोर शब्दांत लिहिण्याची गरज मात्र दाखवते. अमेरिकेत ५० पैकी ४३ राज्यांचे ॲटर्नी जनरल लोकांनी निवडून दिलेले असतात, आणि १९९८ साली ४६ राज्यांच्या अशा अधिकाऱ्यांनी तंबाखू कंपन्यांना एकत्रितपणे नमवले. निवडणुकीची ती पद्धत महाराष्ट्राने उचलावी असे कोणी म्हणत नाही. जनतेच्या वतीने दावा लावणे या पदाच्या प्रतिष्ठेला बाधत नाही, एवढेच त्यातून घ्यायचे आहे.

दुसरा आक्षेप असा की कर्तव्ये कायद्याने बांधली तर पदाचे स्वातंत्र्य जाईल. हे उलटे आहे. एच. एम. सीरवाई १९५७ पासून १९७४ पर्यंत सलग सतरा वर्षे या राज्याचे महाधिवक्ता होते आणि पदाचा दरारा त्यांच्या व्यक्तिमत्त्वाने राखला. परंतु मुदत मर्जीवर असल्यामुळे अलीकडच्या काळात हेच पद काही महिन्यांत रिकामे झाल्याचेही राज्याने पाहिले आहे. व्यक्ती थोर असेल तेव्हा नियमाची उणीव जाणवत नाही. कायदा लिहायचा असतो तो सामान्य दिवसांसाठी.

डहाणू आणि तलासरी हे दोन्ही तालुके १९८५ च्या आदेशाने संपूर्णपणे अनुसूचित क्षेत्रात आहेत, आणि म्हणून येथे विधिमंडळाच्या अधिवेशनाची वाट पाहण्याचीही गरज नाही. संविधानाच्या पाचव्या अनुसूचीच्या परिच्छेद ५ प्रमाणे राज्यपाल जाहीर अधिसूचना काढून संसदेचा किंवा राज्याचा कोणताही कायदा अनुसूचित क्षेत्रात फेरफारांसह लागू करू शकतात. त्यातून सर्वस्वी नवा कायदा रचता येत नाही, असलेल्या कायद्यात बदल मात्र करता येतो, आणि महाराष्ट्राच्या राज्यपालांनी मे २०२० मध्ये वनहक्क कायद्यात असाच बदल करून नाकारलेल्या दाव्यांवर अपिलासाठी विभागीय समित्यांची तरतूद केली. महाधिवक्त्याला नेमणारे, त्याला कामे सोपवणारे आणि अनुसूचित क्षेत्राची विशेष जबाबदारी वाहणारे राज्यपाल एकच आहेत. हा योगायोग संविधानकर्त्यांनी ठेवला असो वा नसो, त्याचा उपयोग करून घेणे आता ग्रामसभांच्या हाती आहे.

म्हणून डहाणू आणि तलासरी तालुक्यांतील प्रत्येक ग्रामसभेने पेसा, म्हणजे अनुसूचित क्षेत्रातील पंचायतींविषयीच्या, कायद्याखालील आपल्या अधिकाराने पुढील बैठकीत ठराव करावा की, अनुसूचित क्षेत्रात ग्रामसभेने कलम ९१ खाली मागणी केल्यास महाधिवक्त्याने अथवा जिल्हाधिकाऱ्याने नव्वद दिवसांत दावा लावावा किंवा नकाराची कारणे लेखी कळवावीत. विषय हरित लवादाच्या कक्षेतला असल्यास लवादाची मुदत संपण्यापूर्वी राज्याच्या वतीने तेथे अर्ज करावा. ज्या प्रकल्पात राज्याचा अथवा त्याच्या मंडळाचा आर्थिक वाटा आहे तेथे ग्रामसभेसाठी शासनाच्या खर्चाने स्वतंत्र ज्येष्ठ वकील नेमावा. आणि आदिवासी जमिनीच्या प्रत्यार्पणाचा हुकूम उच्च न्यायालयात आव्हानित झाल्यास त्या हुकमाचे समर्थन करणे हे महाधिवक्त्याच्या कार्यालयाचे बंधनकारक कर्तव्य राहील. ठरावाच्या तीन प्रती काढाव्यात: एक राज्यपालांकडे, एक जनजाती सल्लागार परिषदेकडे आणि एक आपल्या मतदारसंघाच्या आमदारांकडे पाठवावी, आणि पोचपावती ग्रामपंचायतीच्या दप्तरी लावून ठेवावी.