फाटके चालेल, मळके नको



मागच्या पौर्णिमेची गोष्ट. विहारात वंदना आटोपली होती आणि आम्ही बाया सतरंज्या गुंडाळत होतो. वस्तीतली एक मुलगी हात लावायला आली. बी.ए. झालेली, टायपिंगची परीक्षा पास. पंधरा दिवसांपूर्वी तिची एका कार्यालयात मुलाखत होती. मी सहज विचारले, "काय झालं वं मुलाखतीचं?" ती मान खाली घालून म्हणाली, "गेलीच नाही ताई मी. घालायला धड ड्रेस नव्हता. तिथं सगळ्या चांगल्या घरच्या पोरी येतात."

त्याच आठवड्यात मागच्या गल्लीतल्या एका घरी जाणे झाले. त्यांनी १४ एप्रिलला चौघांना नवे कपडे घेण्यासाठी दहा टक्के महिन्याने ५,००० रुपये उचलले होते. सहा महिन्यांत ३,००० रुपये व्याज गेले आणि मुद्दल जसेच्या तसे उभे. जयंतीचे नवे कपडे एव्हाना जुने झाले, कर्ज मात्र नवेच आहे.

एका घरात कपड्यापायी संधी गेली, दुसऱ्या घरात कपड्यापायी पैसा गेला. म्हणून या वेळी आपण कपड्यांवरच बोलू. पुष्कळांना हा विषय हलका वाटेल. आपल्या समाजासाठी तो कधीच हलका नव्हता.

मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांनी प्रेतावरची वस्त्रे वापरावीत असे लिहून ठेवले आहे. गावगाड्यात आपल्या पूर्वजांच्या बलुत्यात मढ्यावरचे कापड हा 'हक्क' म्हणून मोजला जाई. नागपूरकडच्या आपल्या कितीतरी घराण्यांत जाडेभरडे कापड विणण्याचा धंदा होता. १८७७ साली नागपुरात एम्प्रेस मिल सुरू झाली. गिरणीच्या कापडापुढे हातमाग टिकेनात आणि आपले लोक गिरणीच्या खात्यांत राबू लागले. जगाला कापड पुरवणारे हात आपले, पण चांगले कापड अंगावर घालायचे तर गावाची परवानगी हवी! हे सारे जुने झाले असे म्हणवत नाही. गुजरातच्या बनासकांठा जिल्ह्यात २०२३ साली एका दलित तरुणाला मारहाण झाली. कारण काय, तर तो चांगले कपडे घालतो आणि गॉगल लावतो!

म्हणून परमपूज्य बाबासाहेबांनी कपड्याचा प्रश्न कधी क्षुल्लक मानला नाही. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला त्यांनी स्त्रियांपुढे मुद्दाम भाषण केले. गुडघ्यापर्यंतचे लुगडे आणि कोपरापर्यंतचे कथलाचे-चांदीचे दागिने ही अस्पृश्यतेची खूण आहे, ती टाकून द्या, अंगभर नीट लुगडे नेसा, असे त्यांनी सांगितले. त्याच भाषणात ते असेही म्हणाले की कपडा फाटका असला तरी चालेल, पण तो स्वच्छ असला पाहिजे. पुढे २० जुलै १९४२ रोजी आपल्या नागपुरातच सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली महिला परिषद भरली. तिथेही बाबासाहेबांनी बायांना स्वच्छ राहा, दुर्गुणांपासून दूर राहा, मुलांना शिकवा, हेच सांगितले. यात कुठेही 'महागाचे घ्या' असे नाही.

माझी आजी १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षा घ्यायला आली होती. शुभ्र वस्त्रे नेसून यायचे होते. ती सांगायची, "माझं लुगडं नवं नव्हतं. जुनंच होतं, पदराला ठिगळ होतं. आदल्या रात्री सोड्यानं धुतलं, सकाळी नेसून निघाली." त्या लाखोंच्या गर्दीत कोणाचे लुगडे नवे आणि कोणाचे जुने हे कोणी पाहिले नाही. सारे मैदान पांढरे दिसत होते.

काही तरुण मला बाबासाहेबांच्या सुटाबुटाचा दाखला देतात. जरूर द्यावा. पण अर्धाच देऊ नये. न्यूयॉर्कला शिकताना बाबासाहेबांनी पोटाला चिमटा घेतला आणि सुमारे दोन हजार जुनी पुस्तके जमवली. जरीच्या फेट्याची साडी म्हणून नेसलेल्या रमाईंची आठवण तर आपल्या घराघरांत सांगितली जाते. त्या माउलीने नवी साडी नाही म्हणून कोणापुढे हात पसरला नाही आणि घरात तोंड लपवूनही ती बसली नाही.

हिशेब वापराचा

मी कारकून बाई. माझी सवय खातेवहीची. कपड्याची किंमत दुकानदार सांगतो ती नव्हे. ती किती वेळा अंगावर येतो, त्याने भागावी. २,४०० रुपयांचा चमकीचा लेहंगा दोन लग्नांत घातला तर एका वेळेला १,२०० रुपये पडले. ६०० रुपयांचा सुती पंजाबी ड्रेस वर्षात साठ वेळा घातला तर एका वेळेला १० रुपये. मग महाग कोणता?

आता त्या कर्जाचा हिशेब पाहा. त्या घराला महिन्याला ५०० रुपये व्याज भरावे लागते. हेच ५०० रुपये आधीपासून डब्यात टाकले असते तर दहा महिन्यांत ५,००० जमले असते. कपडे तेच आले असते आणि कर्जही नसते. ऋण काढून सण करू नये ही म्हण आपल्या आयाबायांना ठाऊकच आहे. आता मोबाईलवर पाच मिनिटांत कर्ज मिळते, म्हणून ती म्हण खोटी झालेली नाही.

भगवान बुद्धांनी सिगालोवाद सुत्तात तरुण सिगालाला कमाईचे चार भाग करायला सांगितले. एक भाग उपभोगाला, दोन कामधंद्याला आणि चौथा संकटकाळासाठी. आपल्या मजुरीत चौथा भाग बाजूला काढणे नेहमीच जमत नाही, हे मी जाणते. पण जो काही चौथा भाग जमेल, तो कपड्याच्या दुकानात नेऊ नये, एवढे तरी जमेल. जयंती आणि धम्मचक्र प्रवर्तन दिन दरवर्षी येतात. ते अचानक येत नाहीत. त्यांचा डबा वेगळा करा.

घेताना

१) आधी घरची पेटी उघडा. काय आहे ते पाहूनच बाजारात जा. तीन सलवारी (पांढरी, काळी, निळी) आणि त्यांवर चालतील असे चार कुर्ते असले की बारा जोड्या होतात. मुलांच्या पँट-शर्टालाही हाच नियम. ज्या रंगाला घरात जोड नाही तो रंग कितीही आवडला तरी घेऊ नये.

२) सीताबर्डीच्या झगमगाटात पहिल्याच दुकानात पैसे काढू नका. इतवारी, गांधीबाग, महालचा बुधवार बाजार फिरून या. कटपीस घ्यायचा असेल तर शिंप्याला आधी विचारा, कारण पन्हा कमी असला की कापड जास्त लागते.

३) कपडा उलटा करून शिवण पाहा. शिवणीत दाब सोडलेला असेल तर पुढे उसवून सैल करता येतो. पोरांच्या पँटला खाली पट्टी जास्त दुमडलेली हवी. ओल्या पांढऱ्या रुमालाने घासून रंग लागतो का, तेही बघा.

४) नागपूरच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. नायलॉनचे चकचकीत कपडे तेव्हा अंगाला चिकटतात. सुती कपडा घ्यावा. तो पहिल्या धुण्यात आटतो, म्हणून धुऊन मगच शिवायला टाकावा.

५) स्वेटर थंडी संपताना आणि सुती कपडे पावसाळा लागताना घ्यावेत. दुकानदारालाही तेव्हा माल काढायचा असतो.

घरात आल्यावर

छान दिसण्याचे निम्मे काम माप करते आणि निम्मे धुणे-इस्त्री. खांद्यावरून उतरणारा हजाराचा शर्ट गबाळा दिसतो, तर मापात बसणारा दोनशेचा रुबाबदार दिसतो. वस्तीतल्या मास्तरकडून तयार कपड्याची कंबर आणि बाही बेतून घ्या. त्याला चार पैसे मिळतील आणि तुमचे रूप पालटेल. शर्टाची कॉलर घासली तर ती काढून उलटी लावता येते. जुने मास्तर हे काम हमखास करत. आजही सांगितले तर करतात.

रंगीत कपडे उलटे करून सावलीत वाळवा. पांढरे वेगळे धुवा, नीळ बेताची घाला. कपडा किंचित दमट असतानाच इस्त्री करा, तुटलेले बटण त्याच दिवशी लावा. चपलेचा तुटका पट्टा पिन लावून चालवू नका, शिवून घ्या. या कशालाही फार पैसा लागत नाही. रविवारचा एक तास लागतो आणि तो तास घरातल्या पुरुषांनी व मुलांनीही द्यावा. टापटीप सर्वांची आणि धुणे एकट्या आईचे, हे समतेला धरून नाही.

भदंत आनंदांचे उत्तर

विनयपिटकात एक सुंदर प्रसंग आहे. कौशांबीच्या उदयन राजाच्या राण्यांनी भदंत आनंदांना पाचशे वस्त्रे दान दिली. राजाला शंका आली. एवढ्या वस्त्रांचे हा भिक्खू करणार काय, दुकान मांडणार काय? आनंद म्हणाले, ज्यांची चीवरे जीर्ण झाली त्यांना वाटू. जुन्या चीवरांचे काय? त्यांचे अंथरुणावरचे आच्छादन होईल. जुन्या आच्छादनाची गादीची खोळ होईल, जुन्या खोळीचे जमिनीवरचे अंथरूण, त्याचे पायपुसणे, पायपुसण्याचे फडके. आणि फडके फाटले की ते कुटून चिखलात कालवून जमीन लिंपायची. राजाची शंका फिटली आणि त्याने आणखी पाचशे वस्त्रे दिली.

भिक्खूंचे चीवरही तुकडे जोडूनच शिवलेले असते. मगधातल्या धानाच्या शेतांचे चौकोन पाहून भगवंतांनी तशी रचना करायला सुचवले आणि आनंदांनी ती करून दाखवली. आपल्या भंडारा-गोंदियाकडच्या धानाच्या बांध्या डोळ्यांपुढे आणा म्हणजे चीवराची शिवण कळेल. तुकडा जोडलेला कपडा हलका असतो, असे बौद्धाने तरी म्हणू नये.

मी स्वतः २००२ साली मुलाखतीला गेले ती आईच्या साडीचा ड्रेस घालून. वडिलांची गिरणी बंद पडली होती, नवा कपडा घेण्याचा प्रश्नच नव्हता. आईने पेटीतली वॉयलची साडी काढली. मास्तरने काठ बाहीला घेतला आणि पदराची ओढणी केली. साहेबांनी कपड्याबद्दल काही विचारले नाही. पण मी खुर्चीत ताठ बसले होते, एवढे मला आठवते.

दुसऱ्याचा कपडा

धुणीभांडी करणाऱ्या बहिणी विचारतात, मालकीण जुने कपडे देते, ते घ्यावेत का? मढ्यावरच्या कापडाचा इतिहास ज्यांच्या मागे आहे त्यांना हा प्रश्न टोचणारच. माझे मत असे. पगाराऐवजी किंवा बोनसऐवजी कपडा देत असतील तर घेऊ नये, पैसे मागावेत. कोणी स्नेहाने चांगला कपडा दिला तर नाही म्हणायचे कारण नाही, मात्र घ्यायचा की नाही हे तुम्ही ठरवावे. बाजारात पैसे मोजून जुना कपडा घेतला तर तो सरळ व्यवहार आहे, त्यात कमीपणा नाही. आणि आपण एकमेकींना देतो तेव्हा तर प्रश्नच उरत नाही.

त्या मुलीचे बोलणे ऐकल्यावर आमच्या महिला मंडळाने विहारात एक कपाट ठेवले आहे. त्यात सहा ड्रेस, चार शर्ट, तीन पँट आणि काळ्या बुटांची एक जोडी आहे. सारे मुलाखतीला शोभेल असे, धुतलेले, इस्त्री केलेले, बटणे शाबूत. कोणी दिले ते कोणाला सांगायचे नाही. कोणी नेले ते फक्त वहीत लिहायचे. काम झाले की धुऊन परत आणायचे. या सगळ्याला आमचा खर्च झाला तो कपाटाच्या कुलपाचा. ज्या वस्तीत विहार आहे तिथे हे उद्या होऊ शकते.

ती मुलगी परवा दुसऱ्या मुलाखतीला गेली. कपाटातला आकाशी ड्रेस तिने निवडला, मास्तरने कमरेत थोडा घेतला. निकाल अजून लागायचा आहे. पण या वेळी ती गेली.

जय भीम! नमो बुद्धाय!