कोरड्या बोअरचीही नोंद पाठवा

विहीर खणून झाली की तिला रिंगा टाकतात नाहीतर दगडी बांधकाम करतात. त्यामागे जे झाकलं जातं ते पुन्हा कुणाला दिसत नाही. वर काळी माती, खाली मुरूम, मग मांजऱ्या, मध्येच हातभर गेरू, त्याखाली काळा पाषाण. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर चढवत लाव्हा आला, त्याचा हा उभा छेद. तो आपण स्वतःच्या पैशाने उघडतो आणि बुजवतो.

भूशास्त्राला नियतकालिकं नाहीत असं नाही. बंगळुरूच्या जिऑलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाचं जर्नल १९५९पासून निघतंय. पण एका गावातल्या एका विहिरीची नोंद तिथे कोण पाठवणार? म्हणून फक्त दख्खनच्या खडकाला वाहिलेलं त्रैमासिक आम्ही काढतो आहोत. लेख मराठीत, सारांश इंग्रजीतही. प्रत्येक लेख दोन जाणकार तपासतील, तेही लेखकाचं नाव झाकून. छापण्याचे पैसे घेणार नाही. (पैसे भरा, आठ दिवसांत छापतो म्हणणारे बाजारात पुष्कळ आहेत, बढतीच्या घाईतल्या प्राध्यापकांवर त्यांची दुकानं चालतात.)

नोंदीत तुम्ही गाव, तालुका आणि खोली लिहा. गट नंबर नको, भावकीचे वाद आमच्या दारी नकोत. खोली परसात मोजली असेल तर परसात लिहा, फक्त तुमचा परस किती फुटांचा तेवढं कळवा. गेरू किती फुटांवर लागला हे मात्र चुकवू नका. तो लाल थर दोन लाव्ह्यांच्या मधला असतो. त्याच्या खुणेवरून शेजारच्या विहिरीतले थर जुळवता येतात.

बोअर घेत असाल तर रिगजवळ उभे राहा. प्रत्येक रॉड बदलताना मूठभर भुकटी पिशवीत घ्या आणि खोली पिशवीवरच मार्करने लिहा. आत चिठ्ठी टाकू नका, ओली होते. माझ्याकडे अशा अकरा पिशव्या पडून आहेत. कुठली किती फुटांवरची, देव जाणे.

तीनशे फूट जाऊन नुसता धुरळा निघाला की माणूस गप्प बसतो. पैसे गेले, वर हसं. आम्हाला ती नोंद आधी हवी, कारण पुढच्या महिन्यात शेजारी तिथेच रिग बोलावणार असतो. जागा पाणाड्याने नारळ धरून दाखवली असेल तर तेही लिहा. आम्ही हसणार नाही. खोली तेवढी खरी लिहा.