जुन्या मोटारींचे जतन आणि ब्रेकचा प्रश्न

रत्नागिरी जिल्ह्याची भूरचनाच अशी आहे की, देशावरून येथे येणाऱ्या कोणत्याही मोटारीला, मग ती कऱ्हाडकडून कुंभार्ली घाटाने येवो वा कोल्हापुराकडून आंबा घाटाने, सह्याद्रीचा कडा उतरल्यावाचून समुद्राचे दर्शन घडत नाही. आणि मुंबईहून महामार्गाने येणारीलाही भोस्ते, परशुराम अशी चढउतारांची मालिका ओलांडावीच लागते. अशा जिल्ह्यात ज्यांच्या पडवीत वडिलांच्या वा आजोबांच्या काळातील मोटार अद्याप उभी आहे आणि ती पुन्हा रस्त्यावर आणण्याची ज्यांची मनापासून इच्छा आहे, त्यांनी रंग, गादी, क्रोमच्या पट्ट्या आणि इंजिनाचा नाद यांच्याही आधी ज्या गोष्टीकडे लक्ष पुरवावे, ती गोष्ट म्हणजे ब्रेक, हे आग्रहपूर्वक सांगण्यासाठी हा लेख आहे.

हा विषय मूठभर हौशी धनिकांपुरता राहिलेला नाही. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून बाहेर पडलेली, १९६४ सालची ‘फियाट ११०० डिलाइट’ आणि तिचीच पुढील आवृत्ती असलेली ‘प्रीमियर पद्मिनी’ या गाड्या मध्यमवर्गीय मराठी कुटुंबांच्या होत्या. डॉक्टर, वकील, आंब्याचे बागायतदार आणि मुंबईचे चाकरमानी यांनी त्या वापरल्या. मुंबईतील पद्मिनी टॅक्सीची शेवटची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या परिवहन कार्यालयात झाली आणि टॅक्सीसाठी ठरलेली वीस वर्षांची मुदत भरताच, २०२३ च्या ऑक्टोबरअखेर, ती काळीपिवळी मोटार शहराच्या रस्त्यांवरून निवृत्त झाली. खाजगी मालकीच्या गाड्या मात्र अजून आहेत, आणि १९७४-७५ साली नोंदलेल्या पहिल्या पद्मिनींनी आता पन्नाशी गाठली असल्यामुळे, सरकारी व्याख्येप्रमाणे ‘विंटेज’ म्हणवून घेण्याच्या उंबरठ्यावर एक संपूर्ण पिढीच येऊन ठेपली आहे. महिंद्रांच्या जुन्या जीप आणि हिंदुस्थान मोटर्सची ॲम्बॅसडर यांचीही गणना याच पिढीत करावी लागेल.

या पिढीच्या गाड्यांना चारही चाकांवर ड्रम ब्रेक असत. पाय पेडलवर पडला की मास्टर सिलिंडरमधील ब्रेक ऑइल नळ्यांतून चाकांकडे ढकलले जाते, व्हील सिलिंडरमधील दट्टे बाहेर सरकतात आणि दोन अर्धगोलाकार शू आपल्या लायनिंगसह फिरत्या ड्रमच्या आतील अंगावर दाबल्या जातात. ही रचना उत्तम आहे. १९२०च्या दशकात अमेरिकेत ड्यूसेनबर्ग व क्रायसलर यांनी ती प्रथम विक्रीच्या मोटारींत आणली, तेव्हा तारा आणि सळ्यांनी ओढल्या जाणाऱ्या ब्रेकच्या तुलनेत ती क्रांतीच ठरली. तथापि तिच्यात दोन मर्मस्थाने राहून गेली. पहिले असे की, जुन्या गाड्यांत चारही चाकांना तेल पुरविणारे मंडल एकच असे, त्यामुळे एका चाकाशी गळती झाली की चारही चाकांचा ब्रेक एकदम जाई. दुसरे असे की, बंद ड्रममधील उष्णता लवकर बाहेर पडत नाही. ड्रम तापून प्रसरण पावतो, लायनिंगची पकड उतरते आणि पेडल नेहमीसारखे दाबूनही गाडी पुढेच जात राहते.

सपाट रस्त्यावर हा दोष फारसा जाणवत नाही. घाटात तो प्राणावर बेततो. ताशी ६० किलोमीटर वेगाने धावणारी गाडी एकदा पूर्ण थांबविताना ब्रेकमध्ये जेवढी उष्णता निर्माण होते, तिच्या सुमारे ३५ पट उष्णता तीच गाडी केवळ ब्रेकच्या आधारे, वेग न वाढू देता, पाचशे मीटर उंची उतरली तर निर्माण होते. आणि हा हिशेब गाडी हलकी असो वा जड, सारखाच राहतो. म्हणूनच जुने चालक घाटाच्या माथ्यावरच गिअर खाली घेत आणि गाडीचा भार इंजिनावर सोपवीत. हा शिरस्ता ज्याने मोडला, त्याच्या ब्रेकने अर्ध्या उतारावर दगा दिला तर त्याचा दोष कारखान्यावर टाकता येणार नाही. ‘जुनी गाडी आम्ही हळूच चालवितो’ हे समर्थनही येथे अपुरे पडते, कारण उतारावर उष्णतेचा उगम उंचीत असतो, आणि पुढे चाललेली नवी गाडी एकाएकी थांबली तर आपल्या गाडीला तेवढ्याच अंतरात थांबता आले पाहिजे, ही जबाबदारी आपलीच असते.

यात कोकणच्या हवेची भर पडते. नेहमीच्या वापरातील ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषून घेणारे असते. कोरडे असताना डॉट-३ प्रतीचे तेल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. पाणी मुरल्यावर ही मर्यादा १४० अंशांपर्यंत खाली येऊ शकते. तेल उकळले की नळ्यांत वाफ धरते, वाफ दाबली जाते, आणि पेडल फळीला टेकले तरी चाकांपर्यंत जोर पोहोचत नाही. चार महिने संततधार पाऊस आणि बाराही महिने खारा वारा असलेल्या प्रदेशात, पावसाळाभर उभी राहून गणपतीला बाहेर काढलेल्या गाडीचे चाक उघडून पाहावे: व्हील सिलिंडरच्या रबरी टोपीची कड उचलताच आतून काळपट तपकिरी गाळ ओघळतो, दट्ट्या जागच्या जागी धरलेला असतो, आणि सिलिंडरच्या आतील अंगावरून नख फिरविले तर ते गंजाने पडलेल्या बारीक खड्ड्यांत अडकते. अशा सिलिंडरात नवे रबर किट घालून वेळ मारून नेणे हा आपल्याकडील सर्रास प्रघात आहे, आणि तो सर्वथा त्याज्य आहे; कारण खडबडीत अंगावर घासून ते रबर थोड्याच काळात फाटते आणि गळती पूर्ववत सुरू होते. खड्डे पडलेला सिलिंडर बदलावा, किंवा नवा मिळत नसल्यास लेथवर बोअर करून त्यात पितळी वा स्टेनलेस स्टीलची स्लीव्ह बसवून घ्यावी.

पुनरुज्जीवनाचे काम याच निष्ठेने चारही चाकांवर झाले पाहिजे. ड्रमच्या कडेला झिजेची पायरी पडली असेल किंवा तो लंबगोल झाला असेल तर तो लेथवर चढवावा, मात्र विहित व्यासापलीकडे तो कातू नये. पातळ ड्रम अधिकच लवकर तापतो. जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असण्याचा मोठा संभव असतो, म्हणून ड्रममधील भुकटी कॉम्प्रेसरच्या हवेने उडविण्याचा मोह टाळून ती ओल्या फडक्याने पुसून काढावी. कारागिराच्या फुफ्फुसांची किंमत कोणत्याही मोटारीहून अधिक आहे. गंजलेल्या लोखंडी नळ्या आणि फुगलेले रबरी होज बदलावेत. शेवटी हवा काढण्याचे काम येते. पेडलवर एक जण आणि चाकाशी दुसरा, ‘दाब… धर… सोड’ अशा हाकांच्या तालावर, मास्टर सिलिंडरपासून सर्वांत दूरच्या चाकापासून आरंभ करून, काचेच्या बाटलीतील तेलात एकही बुडबुडा दिसेनासा होईपर्यंत ते धिमेपणाने चालते. या कामात घाई करणाऱ्या मिस्त्रीच्या हाती गाडी देऊ नये.

आता सुधारणेचा प्रश्न. पुढील चाकांना नव्या गाडीचे डिस्क ब्रेक बसवून घेण्याकडे आज अनेकांचा ओढा आहे. डिस्क मोकळ्या हवेत असल्यामुळे लवकर निवते आणि पाण्यातून गाडी गेली तरी पकड लवकर परत येते, हे खरेच आहे. परंतु अर्धवट सुधारणा ही मूळ अवस्थेपेक्षाही घातक ठरते. ड्रममधील एक शू चाकाच्या फिरण्यानेच अधिक आवळली जाते, डिस्कला तशी मदत मिळत नाही; त्यामुळे तिला अधिक दाब आणि बहुधा बूस्टर लागतो. ड्रमसाठी घडविलेला मास्टर सिलिंडर नळ्यांत थोडा दाब कायम धरून ठेवतो, आणि तोच सिलिंडर डिस्कला जोडला तर पॅड सतत घासत राहून तापतात. पुढील आणि मागील चाकांतील जोराचा समतोल बिघडून मागची चाके आधी लॉक झाली, तर पावसाळ्यात लाल चिखल आलेल्या वळणावर गाडी उलटी फिरते. म्हणून माझे स्पष्ट मत असे आहे की, प्रथम मूळ ब्रेक कारखान्याच्या मापाबरहुकूम पूर्ववत करावेत. त्यानंतर दोन स्वतंत्र मंडलांचा मास्टर सिलिंडर बसवावा, ज्यायोगे एक मंडल निकामी झाले तरी दुसरे गाडी थांबवील. आणि डिस्कचा विचार त्याहीनंतर, संपूर्ण संचासह आणि जाणकार अभियंत्याच्या देखरेखीखालीच व्हावा. बाहेरून सहसा कोणाच्या नजरेस न येणारा तो सिलिंडर डिस्कच्या चकाकीपेक्षा अधिक प्राण वाचवील, असा माझा विश्वास आहे.

मूळ स्वरूपाचा आग्रह धरणारे यावर आक्षेप घेतील, आणि तो आक्षेप आदराने ऐकला पाहिजे, कारण जुनी मोटार हा तत्कालीन अभियांत्रिकीचा दस्तऐवज आहे, आणि तिचा प्रत्येक सुटा भाग त्या दस्तऐवजाचे एकेक पान आहे. परंतु संग्रहालयात स्थिर ठेवलेली गाडी आणि सार्वजनिक रस्त्यावर चालणारी गाडी यांचा धर्म एक असू शकत नाही. संग्रहालयातील गाडीचा एक स्क्रूही बदलू नये. रस्त्यावरील गाडीवर मात्र पादचाऱ्याचा, सायकलवरून शाळेला जाणाऱ्या मुलाचा आणि समोरून येणाऱ्या एस.टी.तील प्रवाशांचा हक्क मालकाच्या हौसेच्या आधी पोहोचतो. मध्यममार्ग उपलब्ध आहे. बदल असा करावा की चासीला छेद न देता तो परत फिरविता येईल, काढलेले भाग चिठ्ठी लावून जपावेत, आणि काय, केव्हा व का बदलले याची नोंद गाडीच्या कागदपत्रांत ठेवावी. ऐतिहासिक वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या ट्युरिन सनदेचा रोखही अशाच संयमाकडे आणि नोंदीकडे आहे.

कायद्याने मात्र या बाबतीत मालकाला संदिग्धतेत ठेवले आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने मोटार वाहन नियमांत केलेल्या दुरुस्तीनुसार पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात राखलेल्या गाडीला ‘व्हीए’ अक्षरांची स्वतंत्र नोंदणी मिळते. नव्या नोंदणीस २०,००० रुपये आणि दहा वर्षांनी नूतनीकरणास ५,००० रुपये शुल्क आहे, आणि अशी गाडी नित्याच्या वा व्यापारी वापरासाठी रस्त्यावर आणण्यास मनाई आहे. चासी, बॉडी किंवा इंजिन यांतील फेरफार त्या नियमांत मोठा फेरफार मानला आहे. ब्रेकबद्दल त्या व्याख्येत वेगळा शब्द नाही. दुसरीकडे १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ गाडीच्या मूळ तपशिलांत फरक पाडणाऱ्या बदलांना प्रतिबंध करते. परिणामी जो मालक प्रामाणिकपणे अधिक सुरक्षित ब्रेक बसवू इच्छितो, त्याला आपण कायदा पाळतो आहोत की मोडतो आहोत, हे खात्रीने सांगणारा हुकूम सरकारदप्तरी सापडत नाही. आणि ज्याचे ब्रेक मूळचेच पण कुजलेले आहेत, त्याची गाडी कागदोपत्री निर्दोष ठरण्याचा धोका राहतो. मूळपणाला संरक्षण मिळावे आणि सुरक्षिततेला मिळू नये, हा क्रम उलटविला पाहिजे.

त्यासाठी परिवहन खात्याने तीन गोष्टींची तजवीज करावी. दुहेरी मंडलाचा मास्टर सिलिंडर, बूस्टर आणि प्रमाणित डिस्क संच हे बदल अभियंत्याच्या दाखल्यासह केल्यास विंटेज दर्जा अबाधित राहील, असे लेखी परिपत्रक काढावे. नोंदणी आणि नूतनीकरण या दोन्ही वेळी ब्रेकची यंत्राद्वारे चाचणी सक्तीची करावी आणि तिचे आकडे दप्तरी नोंदवावेत. आणि रत्नागिरीसारख्या घाटांच्या जिल्ह्यात औद्योगिक प्रशिक्षण संस्थेने ड्रम ब्रेकचे संपूर्ण काम शिकविणारा छोटा अभ्यासक्रम सुरू करून त्यासाठी एस.टी.च्या निवृत्त फिटरांना मानधनावर पाचारण करावे, कारण ते ज्ञान आज त्यांच्या हातांत आहे आणि पुस्तकांत फारच थोडे उतरले आहे. मालकांनी सरकारची वाट पाहू नये: पावसाळा सरताच ब्रेक ऑइल बदलावे, चारही ड्रम उघडून पाहावेत, आणि हे होईपर्यंत गाडी घाटात नेऊ नये. जी मोटार हमखास थांबते तीच रस्त्यावर आणण्याचा अधिकार आपल्याला आहे, हे तत्त्व मालक, मिस्त्री आणि सरकार या तिघांनीही मान्य केले, तरच जुन्या मोटारींचे जतन हे समाजाच्या दृष्टीने सत्कार्य ठरेल.